‘मशीन बदललं, आवाज खुलला’ : एका वाक्याची तपासणी

कवठे येमाईत सप्ताह किंवा यात्रा जवळ आली की एक वाक्य हमखास कानावर येतं. स्पीकरवाला देवळाच्या ओट्यावर बसून वायरींचा गुंता सोडवत असतो. जाणारा-येणारा दोन मिनिटं थांबतो आणि स्पीकरवाला त्याला सांगतो, “अण्णा, औंदा मशीन बदललंय. आवाज कसला खुललाय बघा.” मशीन म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर. आमच्याकडे ध्वनिवर्धक हा शब्द फक्त परवानगीच्या अर्जात असतो.

हेच वाक्य पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यांतही ऐकू येतं. तिथे मशीनची किंमत काही लाखांत असते आणि ‘खुलला’च्या जागी ‘पडदा दूर झाला’, ‘आवाजाला खोली आली’, ‘स्वरांभोवती हवा खेळू लागली’ असे शब्द येतात. पण दावा एकच. अ‍ॅम्प्लिफायर बदलला, किंवा त्याच्या पोटातले भाग बदलून तो ‘अपग्रेड’ केला, की तेच गाणं अधिक चांगलं ऐकू येतं. हा दावा मला तांत्रिक कमी आणि समीक्षेचा जास्त वाटत आला आहे. ‘हा आवाज त्या आवाजापेक्षा चांगला’ असं म्हणणं म्हणजे मूल्यनिर्णय देणं, आणि संगीतसमीक्षेत आपण अशा निर्णयामागचं कारण विचारतो. वामनराव देशपांडे यांनी ‘घरंदाज गायकी’त (१९६१) आवाजाची जात आणि त्याचा लगाव यांच्यापासून घराण्याचा विचार सुरू केला, तेव्हा ‘गोड’ आणि ‘भारी’ एवढ्यावर त्यांनी भागवलं नाही. यंत्राच्या आवाजाबद्दल मात्र आपण अजून ‘खुलला’वर थांबलो आहोत.

आधी यंत्राचं काम पाहू. अ‍ॅम्प्लिफायरकडे एक छोटा विद्युतसंकेत येतो. त्याला तो मोठा करायचा असतो आणि बाकी काही करायचं नसतं. क्वाड कंपनीचे पीटर वॉकर यांनी आदर्श अ‍ॅम्प्लिफायरची कल्पना ‘संकेत मोठा करणारी सरळ तार’ अशी मांडली. तारेला स्वतःचा आवाज नसतो. १९२७ साली हॅरल्ड ब्लॅक या अमेरिकन अभियंत्याला ऋण प्रतिभरणाची युक्ती सुचली. बाहेर पडलेल्या संकेताचा थोडा भाग उलटा करून पुन्हा आत आणायचा आणि यंत्राने केलेली चूक तिथेच खोडायची. या युक्तीने ही सरळ तार हळूहळू हाताशी आली. १९४७ मध्ये विल्यमसन यांचा अ‍ॅम्प्लिफायर ब्रिटनच्या ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात छापून आला, तेव्हाच त्यातली विकृती एक दशांश टक्क्याच्या आसपास पोचली होती. त्याच काळातल्या लाउडस्पीकरांची विकृती याच्या कित्येक पट होती. आजही स्थिती तीच आहे. आवाजाच्या या साखळीत सर्वांत निर्दोष कडी अ‍ॅम्प्लिफायर ही आहे आणि बदलायला लोक सर्वांत आधी तिलाच हात घालतात.

मग कानांना फरक जाणवतो तो कसला? याचा शोध घेणारे तीन प्रयोग जुने आहेत, पण त्यांची चर्चा मराठीत फारशी झालेली नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पहिला १९७८ चा, ब्रिटनमधला. जेम्स मॉइर यांनी क्वाडचे तीन पिढ्यांचे अ‍ॅम्प्लिफायर जाणत्या श्रोत्यांपुढे पडद्याआड वाजवले. एक व्हॉल्व्हचा आणि दोन ट्रान्झिस्टरचे. आवाजाची पातळी अचूक सारखी ठेवली होती. कोणता कुठला हे श्रोत्यांना ओळखता आलं नाही. दुसरा १९८५ चा. बॉब कार्व्हर या अमेरिकन अभियंत्याने ‘स्टिरिओफाइल’ मासिकाच्या संपादकांना आव्हान दिलं की तुमच्या आवडीचा महागडा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर आणा, माझा स्वस्त ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायर मी त्याच्यासारखा करून दाखवतो. दोन्ही यंत्रांतून निघणारे संकेत एकमेकांतून वजा करायचे आणि उरलेला फरक जवळजवळ शून्य होईपर्यंत आपल्या यंत्राची जुळवाजुळव करायची, ही त्याची पद्धत होती. शेवटी संपादकांनी आपल्याला फरक ऐकू येत नसल्याचं मान्य केलं. (पुढे कारखान्यातून आलेली प्रत तशी वाजते का, यावर वाद झाला. तो आजही अधूनमधून पेट घेतो.) तिसरा जानेवारी १९८७ च्या ‘स्टिरिओ रिव्ह्यू’तला. दोनेकशे डॉलरच्या रिसीव्हरपासून बारा हजार डॉलरच्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरपर्यंतची यंत्रं घेऊन केलेल्या या चाचणीत श्रोत्यांच्या अचूक उत्तरांचं प्रमाण नाणेफेकीइतकंच निघालं. त्या श्रोत्यांत ‘मला फरक कळतो’ असं ठामपणे सांगणारेही होते.

या प्रयोगांवरचा आक्षेपही ऐकायला हवा, कारण तो पोरकट नाही. परीक्षेच्या ताणाखाली कान नीट काम करत नाही, संगीताचा आस्वाद दहा सेकंदांच्या तुकड्यांत होत नाही, महिनाभराच्या सहवासातून जे कळतं ते एका दुपारी कळत नाही. गाण्याच्या बाबतीत यात तथ्य आहे. एखाद्या गायकाचा षड्ज कळायला वर्षं लागतात. पण गंमत अशी की हा आक्षेप घेणारे लोकच ‘मशीन जोडलं आणि पहिल्या क्षणी फरक कळला’ असंही सांगतात. पहिल्या क्षणी कळलेला फरक पडदा टाकल्यावर नाहीसा होत असेल, तर तो कानात नव्हता, इतकं म्हणायला हरकत नाही.

ही वाचीव माहिती. मला ती स्वतः तपासून पाहायची होती.

माझ्याकडे जुना, इथल्याच बनावटीचा एक स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर आहे आणि अलीकडे घेतलेला, त्याच्या कितीतरी पट किमतीचा दुसरा. कवठ्यातल्या घरी दोन्ही एकाच स्पीकरजोडीला स्विचने जोडले आणि गावातले चार-पाच कानसेन बोलावले. एक ढोलकीवाले, एक भजनी मंडळाचे पेटीवाले, एक निवृत्त शिक्षक आणि अर्थात आमचा स्पीकरवाला. पहिल्या फेरीत मी मुद्दाम काही जुळवलं नाही. दोन्हींचा आवाज अंदाजाने सारखा ठेवला आणि वाजवलं. सगळ्यांनी एकमुखाने नव्या यंत्राला कौल दिला. शिक्षक म्हणाले, “यात तंबोरा वेगळा ऐकू येतो हो.” नंतर मोजलं तर नवं यंत्र किंचित मोठं वाजत होतं. एवढासा फरक ‘मोठा आवाज’ म्हणून कुणाला जाणवत नाही. तो ‘स्पष्ट’, ‘भरीव’, ‘जिवंत’ म्हणून जाणवतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिलं की हळू आवाजात कानाला खर्ज आणि तार दोन्ही तुलनेने कमी ऐकू येतात. आवाज जरा वाढला की ती दोन्ही टोकं वर येतात. म्हणजे आवाज थोडा चढवला तरी त्याचा पोत बदलल्यासारखा वाटतो. दुकानात महाग यंत्र एक खूण वर ठेवून ऐकवायची रीत यावरच चालते.

दुसऱ्या फेरीआधी मी शंभर हर्ट्झचा स्वर लावून स्पीकरच्या टोकांवरचा दाब मल्टिमीटरने मोजला आणि दोन्ही यंत्रं एका टक्क्याच्या आत जुळवली. (साधे मल्टिमीटर हजार हर्ट्झला खोटं बोलतात, म्हणून शंभर.) यंत्रांवर सतरंजी टाकली. आता उत्तरं विखुरली. शिक्षकांनी ‘नवं’ म्हणून ज्याची स्तुती केली ते जुनं निघालं आणि ते प्रांजळपणे हसले. ढोलकीवाले मात्र चुकत नव्हते. सात-आठ वेळा लागोपाठ बरोबर. मी अस्वस्थ झालो, म्हणजे खरं तर आनंदलो. इतक्या वर्षांच्या वाचनाला गावातला एक कान खोटं पाडतोय असं वाटलं. मग त्यांनीच सांगितलं, “बटण एका बाजूला पडताना ‘टक’ वाजतं, दुसऱ्या बाजूला ‘टिक’.” ढोलकीच्या शाईवर बोट कुठे पडलं हे अंधारात ओळखणारा माणूस तो. त्यानंतर प्रत्येक वेळी बटण दोनदा हलवायचं ठरलं आणि त्यांची उत्तरंही इतरांच्या पंक्तीला जाऊन बसली. सोळापैकी निदान बारा वेळा बरोबर आलं तर ते निव्वळ नशीब नाही असं सांख्यिकी मानते. त्या संध्याकाळी कुणी तिथपर्यंत पोचलं नाही.

या प्रयोगाला एक शेपूट आहे आणि मला ते अधिक महत्त्वाचं वाटतं. वर्षभरापूर्वी हाच जुना अ‍ॅम्प्लिफायर कुणीही ओळखला असता. त्याला गुणगुण होती. वीज पन्नास हर्ट्झची, ती एकदिश केल्यावर शंभर हर्ट्झची लहर उरते आणि ती जिरवणारे मोठे कपॅसिटर कालांतराने आतून सुकतात. मग प्रत्येक रागाला एक बिनबोलावता खर्ज लागतो. मी ते कपॅसिटर बदलले, आवाजाचा खरखरणारा कंट्रोल बदलला, गंजलेल्या जोडण्या घासल्या. आवाज सुधारला, आणि त्यासाठी सतरंजीखालची परीक्षा लागत नाही. पण ही दुरुस्ती होती. यंत्र पहिल्या दिवशी जसं होतं तसं परत झालं. ‘अपग्रेड’ करणारे बहुतेक लोक तीस वर्षांच्या यंत्रात नवे आणि महागडे कपॅसिटर घालतात, आवाज सुधारलेला ऐकतात (तो खरोखर सुधारलेला असतो) आणि श्रेय महागडेपणाला देतात. साधे, नवे घातले असते तरी तेवढंच झालं असतं. जुनी ४५५८ नावाची आयसी काढून तिच्या जागी ५५३२ घालायची टूम आहे. मोजमापात दुसरी चांगली आहे, यात वाद नाही. पण पहिलीचे दोषही कानाच्या उंबऱ्याच्या बाहेरच थांबलेले असतात. जे ऐकू येत नाही ते आणखी कमी केल्याने ऐकू येणारं काही बदलत नाही.

अपवाद आहेत. व्हॉल्व्हच्या काही अ‍ॅम्प्लिफायरांचा बहिर्गत रोध जास्त असतो, समजा दोन ओहम. लाउडस्पीकरचा रोध स्वरागणिक बदलतो, कुठे चार ओहम तर कुठे वीस. हिशेब केला तर त्या दोन ठिकाणच्या आवाजात पावणेतीन डेसिबलपर्यंत फरक पडतो आणि तो ऐकू येतो. ‘व्हॉल्व्हचा आवाज गरम’ असं म्हणणाऱ्याला भास होत नसतो. फक्त त्याला आवडलेली गोष्ट मुळातल्या संकेतात नसते, यंत्राने ती वरून घातलेली असते. इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरांची गोष्टही वेगळी. पुण्याच्या केडन्सने असे स्पीकर बनवून जगाच्या बाजारात नेले, ही आपल्या जिल्ह्यातली फार थोड्यांना माहीत असलेली हकिकत आहे. विजेच्या दृष्टीने हे स्पीकर मोठ्या कपॅसिटरसारखे वागतात, वरच्या स्वरांना त्यांचा रोध खूप खाली येतो आणि दुबळं यंत्र तिथे अडखळतं. अशा स्पीकरसाठी यंत्र निवडून घ्यावं लागतं. पण ज्यांच्या घरी साधे स्पीकर आहेत त्यांनी या अपवादांवर आपली खरेदी टांगू नये.

दिवाणखान्यात ताकदीचा प्रश्नही फारसा येत नाही. मध्यम स्पीकर एका वॉटला एक मीटरवर ८८ डेसिबलच्या आसपास आवाज देतो. बैठकीच्या खोलीत गाणं ऐकताना सरासरीने आपण एक वॉटसुद्धा वापरत नाही. पंचवीस वॉटच्या जागी पन्नास वॉटचं यंत्र आणलं तर तीन डेसिबलची वाढ मिळते. आवाज दुप्पट वाटायला दहा डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट.

इथपर्यंत आल्यावर स्पीकरवाला मला म्हणाला, “मग मी येडा का?” तो येडा नाही. त्याचं मैदान वेगळं आहे.

उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. एका वॉटला एका मीटरवर ११० डेसिबल देणारा भोंगा धरला, तर चौसष्ट मीटरवर छत्तीस डेसिबल गळून चौऱ्याहत्तर उरतात. ते यात्रेच्या गलबल्यात बुडतात. तीस वॉट दिले तर पंधरा डेसिबल चढतात आणि मागचा माणूस ऐकतो. म्हणजे इथे वॉटला किंमत आहे. त्यात तमाशा असेल तर आणखीच. हलगी शेकोटीवर तापवून चढवलेली असते. तिच्या आघाताचं शिखर तिच्या सरासरी आवाजाच्या कितीतरी वर जातं. ते पंधरा डेसिबल धरलं तरी तीसपट वॉट झाले. सरासरी दहा वॉट जात असतील तर त्या एका ‘कडाड’ला तीनशे हवेत. यंत्रात ते नसतील तर लहरीचा माथा सपाट कापला जातो आणि कापलेल्या कडांमधून मुळात नसलेले स्वर जन्माला येतात. हलगी कडाडायची सोडून फडफडते. त्यात जनरेटरचा दाब पडलेला असला तर माथा आणखी खाली कापला जातो. अशा जागी मोठं यंत्र आणलं की आवाज सुधारतो, आणि तो सतरंजीखालूनही ओळखता येईल.

याला स्पीकरवाल्याचा शब्द आहे ‘आवाज फाटतो’. त्याचे इतर शब्दही ऐका : घुमतो, शिट्टी मारतो, कुई करतो, बसतो, गुणगुणतो. यातल्या प्रत्येक शब्दामागे मोजता येणारा एकेक दोष आहे. फाटणं म्हणजे माथा कापला जाणं. घुमणं म्हणजे भिंतींचे प्रतिध्वनी. शिट्टी म्हणजे भोंग्यातला आवाज माईकमध्ये परत शिरून फेरे घालणं. बसणं म्हणजे दाब पडणं. हाय-फायच्या मासिकांची विशेषणं याच्या पुढे फार सैल वाटतात. दोषांची इतकी नेमकी भाषा असलेला हा माणूस गुणाची गोष्ट निघाली की ‘खुलला’वर येतो आणि तिथे तो मासिकांसारखाच बोलू लागतो. बिघाड कानाने कळतो. सुधारणा मात्र बऱ्याचदा पावतीवरून कळते.

आता तमाशाकडे येतो. या गावात आवाजाचा विचार तमाशाला वगळून करता येत नाही. लोकशाहीर बशीर मोमीन कवठेकर याच गावचे. फडांसाठी त्यांनी वगनाट्यं लिहिली, लावण्या, गण-गवळणी लिहिल्या. २०१८ सालचा राज्य शासनाचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला आणि २०२१ मध्ये ते गेले. ज्यांच्या नावाचा हा पुरस्कार, त्या विठाबाईंचं नारायणगाव इथून वायव्येला साधारण तासाभराच्या अंतरावर आहे. पाडव्याच्या सुमाराला फडांच्या राहुट्या तिथे पडतात आणि गावोगावचे पंच सुपाऱ्या द्यायला जातात.

तमाशावर लिहिणाऱ्यांची एक ठरीव तक्रार आहे. माईक आला, भोंगा आला आणि तमाशाचा अस्सल आवाज गेला. ही तक्रार मला अर्धीच पटते. भोंग्याआधी तमाशात ध्वनिवर्धन नव्हतं असं ती गृहीत धरते, आणि ते खरं नाही. गाणाऱ्याच्या मागे उभे राहून टिपेत सूर ओढणारे सुरत्ये काय करत होते? कानाची संवेदना तीन ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असते. टिपेच्या, कसलेल्या, थोड्या धारदार आवाजात या पट्ट्यातली ऊर्जा भरपूर असते. युरोपातले ऑपेरा गायक माईकशिवाय वाद्यवृंदावरून कसे ऐकू येतात, याचा उलगडा स्वीडनच्या योहान सुंडबर्ग यांनी याच पट्ट्याच्या आधारे केला. तमाशाच्या कलावंतांनी कुणाचा निबंध न वाचता तोच पट्टा गाठला होता. तुणतुण्याची टोकदार तार, कड्याची किणकिण, हलगी, झांज, सगळं त्याच पट्ट्यात पोचणारं. त्याला ‘कर्कश’ म्हणणारी शहरी समीक्षा ही एका खोलीत बसून केलेली समीक्षा आहे. तो आवाज खोलीसाठी घडलेलाच नव्हता.

गंमत म्हणजे भोंग्यालाही हाच पट्टा साधतो. खर्ज त्याला झेपत नाही, अगदी वरचे स्वरही नाहीत. मधला पट्टा मात्र तो दूरवर फेकतो. हाय-फायच्या कसोटीवर भोंगा अगदी निकृष्ट. पण ‘क’, ‘ट’, ‘च’, ‘स’ या व्यंजनांची ओळख त्याच पट्ट्यात असते, म्हणून शब्द शेवाराच्या पलीकडे जात. वगातली कोटी दोन फर्लांगांवर कळे. आज मैदानावर बॉक्सची भिंत उभी राहते. यंत्रं हजारो वॉटची, विकृती भोंग्याच्या मानाने नगण्य, खर्ज छातीत बसणारा. मोजमापाच्या प्रत्येक रकान्यात ही व्यवस्था सरस आहे. आणि लावणीचे शब्द कळत नाहीत. खर्ज इतका चढवलेला असतो की तो वरच्या व्यंजनांना झाकून टाकतो. हा दोष यंत्राचा नाही. चांगलं यंत्र सांगितलेलं इमानाने करतं, आणि ‘खर्ज वाढव’ असं त्याला सांगितलेलं असतं. डॉ. अशोक दा. रानडे यांनी लोकसंगीत आणि जनसंगीत या कोटी वेगळ्या केल्या. ही भिंत म्हणजे पहिल्यावर दुसऱ्याचा कान बसवणं आहे असं मला वाटतं.

मोमीनांसारख्या लेखकाच्या बाबतीत हे मला टोचतं. वगलेखकाची रचना छापील पानावर फार थोडी उरते. ती ऐकणाऱ्यांच्या तोंडी राहते. ऐकू आली नाही तर कुठेच राहत नाही. गावातली साठीपुढची माणसं जुन्या वगातले सवाल-जवाब आजही घडाघडा म्हणतात, आणि ते त्यांनी ऐकले होते भोंग्यातून. त्यांच्या नातवंडांना तालाचा ठोका आठवतो, ओळ आठवत नाही. याला केवळ आवडीनिवडीतला बदल म्हणणं मला अपुरं वाटतं.

सप्ताहाच्या निमित्ताने हा सगळा विचार मला कामी आणावा लागला. मागच्या रांगांना कीर्तन कळत नाही, म्हणून मोठं मशीन घ्यावं आणि त्यासाठी वर्गणी काढावी असा बूट निघाला. मी स्पीकरवाल्याला विचारलं, “आत्ताचं मशीन फुल्ल करतोस का?”

“कुठं? अर्ध्यात शिट्टी मारतंय.”

यातच उत्तर होतं. शिट्टी कधी सुरू होणार हे माईक आणि स्पीकर यांच्यातल्या अंतरावर आणि त्यांच्या तोंडांच्या दिशेवर ठरतं. वॉट दुप्पट केले तरी शिट्टी त्याच आवाजाला येणार, फक्त बटणाच्या वेगळ्या खुणेवर. दुसरं, मंडप स्लॅबचा, खाली गुळगुळीत फरशी. तिथे शब्द घुमतो आणि पुढच्या शब्दावर चढतो. आवाज वाढवला की घुमणंही तेवढंच वाढतं. हार्वर्डमध्ये १८९५ साली वॉलेस सॅबिन यांच्यापुढे असाच एक निरुपयोगी ठरलेला व्याख्यानकक्ष आला होता. त्यांनी रात्री-अपरात्री शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या वाहून आणल्या, खोलीत पसरल्या आणि शब्द विरायला किती सेकंद लागतात ते मोजलं. मी गाद्यांऐवजी जाजमं आणि सतरंज्या सुचवल्या. मागच्या भिंतीवर जाड पडदे. समोरचे दोन मोठे स्पीकर खाली काढून दोन्ही बाजूंच्या खांबांवर बसलेल्या माणसांच्या कानांच्या उंचीला उभे कॉलम, प्रत्येकाचा आवाज थोडाच. आणि जाड वायर. जुनी वायर इतकी बारीक होती की मशीनची बरीच ताकद वाटेतच गरम होऊन जात होती.

बैठकीत मला विरोध झाला. जाजमाला वर्गणी मागायची म्हणजे काय, लोकांना मशीन दिसतं, जाजम दिसत नाही. एकाने विचारलं, “सर्वांत भारी मशीन आणलं तर नुकसान तर नाही ना?” नुकसान नाही, असं मला म्हणावं लागलं. शेवटी जाजमं शाळेकडून आणि घराघरांतून आली, पैसे वायर आणि कॉलमवर गेले. काल्याच्या आदल्या रात्री मी मुद्दाम मागे, बायांच्या रांगांत जाऊन बसलो. एरवी “काय म्हणले महाराज?” असं एकमेकींना विचारणं चाललेलं असतं. त्या रात्री ते थांबलं होतं. एका आजींनी मात्र आवाज कमी आहे अशी तक्रार केली. तो कमीच होता.

आरतीनंतर स्पीकरवाला वायर गुंडाळत होता. शेजारच्या गावचा एक जण थांबून म्हणाला, “लई क्लिअर होतं राव. मशीन बदललं काय?”

त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, “बदललंय की.”